सहा वीसचा सूर्य

शामुवेल भालेरावांना राग यायला साधारण तीन मिनिटं लागत. एसटीत बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली असल्यामुळे कुठलाही कागद ते आधी एकदा वाचत, मग चष्मा पुसून वाचत आणि तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचत. तिसऱ्या वाचनानंतर राग फलाटावर लागे. वेळेवर.

चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली सूचना त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला घेतली, तेव्हा त्यांची मुलगी मीना स्वयंपाकघरात डबा भरत होती. मीना नर्स. तिला रागाची वेळापत्रकं तोंडपाठ होती.

"'यंदा ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानाऐवजी गंगापूर रोडवरील लॉन्सवर होईल. रस्त्याच्या कामामुळे पहाटफेरी रद्द करण्यात आली आहे. सभासदांसाठी एसी बसची व उपासनेनंतर नाश्त्याची सोय आहे. पांढरे कपडे ऐच्छिक.' ऐकलंस?"

"ऐकलं. बरं झालं की. बसनं जा."

"बत्तीस वर्षं मी लोकांना बसमध्ये बसवलं. ईस्टरला मी स्वतः बसनं गेलेलो नाही."

"मग यंदा जा. तिकीट पण नाही."

एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, शामुवेलरावांनी ग्रुपवर लिहिलं: 'मी चालत जाणार.' पाच मिनिटांत त्रेचाळीस जणांनी हात जोडले. दोघांनी फुलं पाठवली, एकानं केक. कुठून, किती वाजता, कोणाबरोबर, हे मात्र एकानंही विचारलं नाही.

पहाटफेरी शामुवेलरावांच्या आजोबांच्या वेळेपासूनची. पुनरुत्थानाच्या रविवारी पहाटे पाचला मंडळी मिशन कंपाउंडातून निघायची आणि भजनं म्हणत दीड किलोमीटरवरच्या कबरस्तानापर्यंत चालत जायची. फाटकाशी पोचलं की सगळे गप्प. मग मंडळीतला सर्वांत वयस्कर माणूस फाटकाजवळच्या दगडावर उभा राहून कबरींकडे तोंड करून ओरडायचा, "प्रभू उठला आहे!" आणि मागचे सगळे म्हणायचे, "खरोखर उठला आहे!" असं तीन वेळा. घोषणा करणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, असा नियम. तो कोणी केला कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे मोडायचीही सोय नव्हती.

गेली एकोणीस वर्षं हा मान बर्नबाकाकांकडे होता. ते नाताळच्या आठवड्यात ब्याण्णवाव्या वर्षी गेले आणि शहात्तर वर्षांचे शामुवेलराव रातोरात मंडळीतले सर्वांत वयस्कर पुरुष झाले. निवडणूक नाही, अर्ज नाही. बढती मिळावी आणि आनंद होऊ नये, अशी ही एकच जागा.

आनंद न होण्याचं खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी मीनालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. त्यांची बायको एस्तेर दोन वर्षांपूर्वी गेली. त्या वर्षी ईस्टरला फाटकाशी बर्नबाकाका ओरडले आणि उत्तराच्या वेळी शामुवेलरावांचा आवाजच फुटला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी नुसते ओठ हलवले. शेजारच्यांना कळलं नाही, पण स्वतःला किती दिवस फसवणार? करंजाखाली, तिसऱ्या ओळीत, एस्तेर होती, वर पांढरा दगड होता, आणि तो दगड जागचा हलेल असं त्यांना काही केल्या वाटेना.

त्यात नोकरीतली एक आठवण फार छळायची. एका दिवाळीत त्यांनी येवल्याची गाडी 'लागत आहे, लागत आहे' म्हणून माइकवरून तीनदा पुकारली होती. खणखणीत आवाजात. पैठणीची गाठोडी घेतलेले विणकर, पोरंबाळं, म्हाताऱ्या, सगळे फलाट तीनवर धावले. गाडी निफाडच्या अलीकडे अॅक्सल मोडून पडली होती. ती आलीच नाही. आवाज खणखणीत असला म्हणून गाडी असतेच असं नाही, हे शामुवेलरावांइतकं गावात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

आणि आता त्यांनाच पुकारायचं होतं.

*

बुधवारी संध्याकाळी मंडळीचा सेक्रेटरी मनोज साळवे आला. मनोज चाळिशीचा, हसतमुख, लग्नकार्यांची कंत्राटं घेणारा. लहानपणी याला शामुवेलरावांनी रविवारच्या शब्बाथशाळेत दोनदा बाहेर उभं केलं होतं. तिसऱ्यांदा तो स्वतःच जाऊन उभा राहिला होता.

"सलाम काका."

"सलाम. बस. चहा घेतोस, की ऐच्छिक आहे?"

"घेतो की. काका, तुमचा आयटम सहा दहाला आहे."

"माझा काय?"

"घोषणा हो. 'प्रभू उठला आहे.' बर्नबाकाका नाहीत म्हटल्यावर मान तुमचा. सहाला वेलकम डान्स, सहा दहाला तुम्ही. कॉर्डलेस माइक देतो. सहा पंधराला सूर्योदय."

"सूर्योदय सहा वीसला आहे. मी कॅलेंडर बघितलंय."

"तो बाहेरचा." मनोजनं समजुतीनं सांगितलं. "लॉनचं तोंड पश्चिमेला आहे ना, आणि पूर्वेला टॉवर उभा राहिलाय, बावीस मजली. म्हणून आपण एलईडी वॉल घेतली. बारा बाय वीस. डोंगरामागून वर येतो, पक्षी पण उडतात. सहा पंधराला ठेवलाय, कारण पुढं उपमा गार होतो."

शामुवेलरावांनी बिस्किट चहात बुडवलं आणि ते पडेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

"म्हणजे देवाच्या पाच मिनिटं आधी तू उठवणार."

"चेष्टा करता काका तुम्ही. पण खरं सांगू का? कुंभमेळ्याच्या कामासाठी सगळा रस्ता खणलाय. तुमच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. आणि..." मनोजनं आवाज खाली आणला. "आजकाल गाणी म्हणत रस्त्यानं जायचं म्हणजे... वातावरण तसं राहिलं नाही."

"कोणी काही बोललं तुला?"

"नाही."

"पोलीस आले होते?"

"नाही हो."

"मग?"

"बोलू शकतं ना कोणी."

"म्हणजे अजून जो आलाच नाही, त्या माणसाला घाबरून तू सगळी मंडळी लॉनवर पळवलीस. मनोज, या गावानं बत्तीस वर्षं माझा आवाज ऐकून गाड्या पकडल्यात. ते माझ्या भजनानं दचकणार नाही. आणि दचकलं तर विचारेल. मी सांगेन."

मनोज उठला. वाईट मुलगा नव्हता तो. दारात थांबून त्यानं जे विचारलं, तेही काळजीनंच विचारलं.

"पण काका, घोषणेला उत्तर लागतं. तुम्ही तिथं एकटे ओरडणार. उत्तर कोण देणार?"

शामुवेलराव म्हणाले, "कप तिथंच ठेव. मी विसळीन."

*

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, तीन तासांची उपासना करून ते घरी आले, तेव्हा फाटकासमोर चर आणखी रुंद झाला होता. ड्रेनेजच्या लाइनसाठी ठेकेदारानं कंपाउंडाच्या कडेनं पाच फूट खोल, चार फूट रुंद चर मारला होता आणि येण्याजाण्यासाठी प्रत्येक घरापुढे एकेक फळी टाकली होती. एक टोक दाबलं की दुसरं टोक उचलून 'सलाम' करणारी.

चरात काम करणारी माणसं सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यांवरची होती. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर निळ्या ताडपत्र्या ठोकून राहत होती. त्यांतली लंकाबाई पंधरा दिवसांपासून दुपारी शामुवेलरावांकडून पाण्याची कळशी भरून नेत असे. चाळिशीची, सडपातळ, बोलायला सरळ. ते तिला ओट्यावर सावलीत बसायला सांगत. ती बसली की ते तिला जुन्या गोष्टी सांगत, कारण मीनानं त्या सगळ्या ऐकल्या होत्या आणि ती आता पुढचं वाक्य आधीच म्हणत असे.

"तेव्हा सगळं साधं होतं बघ," ते त्या दिवशी म्हणाले. "बस नाही, लॉन नाही. पहाटे चारला गार पाण्यानं अंघोळ. पेटी गळ्यात अडकवलेली, दोन टाळजोड्या, एक ढोलकी. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि सगळ्यांच्या पुढं काळू, डोक्यावर बत्ती घेऊन. पेट्रोमॅक्स. काय उजेड पडायचा! आम्ही सगळे त्या उजेडात गात चाललोय..."

"काळू कोण?"

"वरातीत बत्त्या धरायचा. तुमच्याकडचाच होता, पेठ-सुरगाण्याचा. दर ईस्टरला आम्ही त्यालाच सांगायचो. तुझ्या नात्यातला असेल का गं?"

"आमच्याकडं दर तिसऱ्या घरात एक काळू हाय बाबा." लंकाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "त्यो पण गाणं म्हणायचा?"

"त्याच्या डोक्यावर बत्ती होती."

"डोक्यावर व्हती. तोंडात तर नव्हती?"

शामुवेलराव हसले. मग त्यांना जाणवलं की ती हसत नाहीये, नुसतं विचारतेय.

"आन् मग न्याहारी?"

"अगं, तीच तर मजा! कबरस्तानात सतरंज्या घालायच्या. पाव, केळी, उकडलेली अंडी. पाळकसाहेबांपासून शिपायापर्यंत सगळे एका पंगतीला. लहानमोठा नाही, काही नाही. सगळे सारखे."

"काळू पण?"

आता त्यांना ते दिसलं. साठ वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं, इतकं स्वच्छ दिसलं. फाटकाच्या बाहेर उकिडवा बसलेला काळू. समोर विझवलेली बत्ती. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला पाव त्याला नेऊन देणारा अर्ध्या चड्डीतला पोरगा. तो पोरगा शामुवेल होता.

"त्याला बाहेर नेऊन द्यायचो," ते म्हणाले. "म्हणजे, बत्ती तापलेली असायची ना. गार व्हायला वेळ लागायचा."

बोलता बोलताच त्यांनी स्वतःचा आवाज ओळखला. येवल्याची गाडी पुकारली होती, तो आवाज.

"खरंय," लंकाबाई म्हणाली. "बत्ती तापतेच."

तिनं तांब्या विसळून पालथा घातला आणि उठताना सहज म्हणाली, "रविवारी आमचा पण सण हाय बाबा. गावाकडं मांडवात प्रार्थना असती. औंदा ठेकेदार सुट्टी देत नाय."

शामुवेलराव बघतच राहिले. "तुम्ही ख्रिस्ती?"

"चौदा वर्सं झाली."

"आणि पंधरा दिवसांत बोलली नाहीस?"

"तुमी पाणी दिलं. बाकी काय इचारलं नाय. ते बरं वाटलं." तिनं कळशी डोक्यावर घेतली. "तुमी जानार ना फेरीला?"

"पाच वाजता. चालत."

"एकलेच?"

'तुम्ही या की' हे शब्द त्यांच्या तोंडापर्यंत आले होते. पण नुकत्याच उघड्या पडलेल्या माणसाला आमंत्रण द्यायचं धाडस होत नाही. "बघू," ते म्हणाले, आणि लंकाबाई चरात उतरली.

ती दुपार त्यांनी ओट्यावर काढली. जुने दिवस साधे होते, हे ते सगळ्यांना सांगत आले होते. साधे होतेच. दिवा दुसऱ्याच्या डोक्यावर असला की चालणं साधंच होतं. आजवर त्यांनी पाय टेकायला ती एक जागा राखून ठेवली होती: काल. आज तिथंही चर निघाला.

बसनं गेलं असतं तर सोपं होतं. सहा दहाला माइकमध्ये तीन शब्द. खरे-खोटे कोण तपासतंय? पण मग ते नक्की खोटे ठरले असते. शामुवेलरावांनी ठरवलं: पुकारायचं तर एस्तेरसमोर पुकारायचं. नाही निघाला आवाज, तर नाही. पण लॉनवर पळून जायचं नाही.

*

शनिवारी रात्री मीनानं शेवटचं सांगून पाहिलं. "बाबा, पडलात तर मी रजा घेणार नाही."

"घेऊ नकोस."

"दुसऱ्या खुब्यालाही गोळा बसवावा लागेल."

"जोडी होईल."

रविवारी पहाटे पावणेपाचला त्यांनी पांढरा सदरा घातला, बॅटरीवरचा कंदील घेतला, काठी घेतली आणि फाटक उघडलं. फळी नव्हती. ठेकेदाराच्या माणसांनी संध्याकाळी सेंट्रिंगसाठी उचलून नेली होती. समोर काळाभोर चर. पलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे सगळं आयुष्य.

"देवाचीच इच्छा दिसत नाही," मागून मीनाचा आवाज आला. ती स्वेटर घेऊन उभी होती.

"देवाची इच्छा सेंट्रिंगवाल्याकडून कळवली जात नाही," शामुवेलराव म्हणाले. "सरक."

समोरच्या प्लॉटवर चूल पेटलेली होती. सातला काम सुरू होतं, म्हणून भाकऱ्या अंधारातच होत. कंदिलाचा उजेड बघून लंकाबाई उठली, आणि तिचा नवरा पुंजा कुठूनशी एक फळी खांद्यावर टाकून आला. फळी वीतभर रुंद होती. पुंजानं ती चरावर टाकली, पायानं दाबून बघितली आणि वाकून म्हणाला, "बाबा, पाठीवर बसा. दोन टांगांत नेतो."

"पाठीवर बसून पुनरुत्थानाला जात नाहीत, पुंजा."

"मग हात द्या."

"हात देतो. पण चालणार मी."

"खाली बघू नका," पलीकडून लंकाबाई म्हणाली. "माझ्याकडं बघा. पाणी न्यायला येती तशी मी येतीया, असं समजा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. एक पाऊल. फळी हलली. दुसरं. मागून मीनानं स्वेटरसकट त्यांचा सदरा धरून ठेवला होता. त्यामुळे ते पडले असते तर सदरा नक्की वाचला असता. तिसऱ्या पावलाला पुंजाचा हात मिळाला, खरबरीत, मातीनं भरलेला, आणि चौथं पाऊल रस्त्यावर पडलं.

ताडपत्र्यांतून आणखी पाचसहा जण बाहेर आले होते. दोन बायांनी डोक्यावरून पदर घेतले होते, एका म्हाताऱ्याच्या हातात टाळ होते. लंकाबाईनं त्यांना काय सांगितलं होतं, कोण जाणे. काही विचारायचं कारणच नव्हतं.

पुंजानं सवयीनं कंदिलाकडे हात केला. "द्या बाबा, मी धरतो. पुढं व्हतो."

"नाही." शामुवेलरावांनी कंदील मागे घेतला. "दिवा मी धरणार. तुम्ही गा."

"आवो, तुमच्या एका हातात काठी..."

"दुसरा रिकामा आहे ना? तोच दिव्याचा."

मीनानं फळी ओलांडली. तिनं घड्याळात पाहिलं, काहीतरी पुटपुटली आणि त्यांच्या डाव्या बाजूला, खुब्याच्या बाजूला, चालायला लागली.

अशी ती फेरी निघाली. पुढे एक लंगडणारा म्हातारा कंदील घेऊन, मागे आठ जण. रस्ता असा नव्हताच. मातीचे ढीग, सिमेंटचे पाइप, 'असुविधेबद्दल क्षमस्व'चे बोर्ड आडवे पडलेले. शामुवेलराव उजेड खाली धरत आणि ओरडत, "डावीकडं खड्डा! पुढं खडी! सावकाश!" बत्तीस वर्षांत इतकं मन लावून त्यांनी वाहतूक नियंत्रित केली नव्हती. मागचे भजन म्हणत होते. भजन जुनंच, शामुवेलरावांच्या आईचं, पण सुरगाण्याच्या चालीत ते दुडक्या चालीनं पळत होतं. आईनं डोळे मोठे केले असते. मग टाळी वाजवली असती.

वळणावर ट्रॅकसूट घातलेले एक गृहस्थ थांबले. "काय हो, कसला मोर्चा?"

"मोर्चा नाही," शामुवेलराव न थांबता म्हणाले. "नेहमीची गाडी आहे. यंदा थोडी उशिरा सुटली."

गृहस्थांनी बाजूला होऊन वाट दिली. चहाच्या टपरीवाल्यानं स्टोव्हचा आवाज कमी केला. कोणी दचकलं नाही. एका कुत्र्यानं थोडा वेळ सोबत केली, तेवढंच.

*

कबरस्तानाच्या फाटकाशी भजन थांबलं. शामुवेलराव बर्नबाकाकांच्या दगडावर चढले. कंदील खाली ठेवला. आकाश राखाडी झालं होतं आणि करंजाखाली तिसऱ्या ओळीतला दगड ओळखू येत होता. एस्तेर भालेराव. खाली दोन तारखा, मध्ये एक आडवी रेघ. पन्नास वर्षांचा संसार त्या रेघेत बसवला होता पाथरवटानं.

त्यांनी तोंड उघडलं. आवाज नाही.

मागे सगळे थांबले होते. मीनाचा श्वास ऐकू येत होता. मग सवयीनं हात दिला. बत्तीस वर्षं गळ्यात बसलेलं वाक्य आपलं आपण बाहेर पडलं, खणखणीत:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे!"

"बाबा!" मीना म्हणाली.

पुंजानं मागे वळून रस्त्याकडे बघितलं. गाडी येत असेल तर बाजूला व्हावं म्हणून.

आणि दगडावर उभ्या असलेल्या शामुवेलरावांना एकदम निफाड आठवलं. निफाडचा वाल्मीक. रोज फोन करायचा: "भालेराव, येवल्याची सुटली बरं का. मी बघितली." त्या एका वाक्यावर शामुवेलराव माइक हातात घ्यायचे. बत्तीस वर्षांत निफाडहून सुटताना एकही गाडी त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती. ज्यानं पाहिली त्याच्यावर विश्वास ठेवला होता. आणि गाड्या आल्या होत्या. हजारोंनी आल्या होत्या. एक आली नाही, तिला धरून ते बसले होते दोन वर्षं.

प्रभू उठला त्या पहिल्या पहाटेही असंच झालं होतं. काही बाया रिकाम्या कबरीवरून धावत आल्या, म्हणाल्या, आम्ही पाहिलं. आणि शहाणी माणसं घरात बसून म्हणाली, बायांचं काय ऐकायचं!

आपण कुठल्या बाजूला आहोत? घरात, की रस्त्यावर?

"प्रभू उठला आहे!" शामुवेलराव भालेराव ओरडले.

"खरंच उठला हाय!" लंकाबाईचा आवाज सगळ्यांत आधी आला. पहाटेच्या हवेत तो असा गेला की झाडावरचे बगळे उडाले. खरे.

"प्रभू उठला आहे!"

"खरंच उठला हाय!" आता टाळ वाजले, आणि मीनाही होती त्यात, वॉर्डातल्या करड्या आवाजात.

"प्रभू उठला आहे!"

तिसऱ्या वेळी उत्तर देणारे नऊ जण होते. घोषणा करणाऱ्यानं उत्तर द्यायचं नसतं. शामुवेलरावांनी दिलं. दगडावर उभं राहून, करंजाकडे बघत, पूर्ण आवाजात: "खरोखर उठला आहे!" एस्तेरचा दगड जागच्या जागी होता. त्यांचे पायही जागच्या जागी होते. काठी केव्हाच हातातून पडली होती, हे त्यांना मीनानं ती उचलून दिली तेव्हा कळलं.

खिशात फोन वाजला.

"काका, कुठं आहात? सहा दहा झाले! तुमचा आयटम!"

"माझं झालं, मनोज."

"झालं? उत्तर कोणी दिलं?"

"चरातल्या लोकांनी."

"कशातल्या? काका, ऐकू येत नाहीये, इथं डान्स चाललाय. सूर्योदय सुरू करू का मग?"

"कर. आमच्याकडे सहा वीसला आहे, नेहमीसारखा."

आणि तो झाला. डोंगर नाही, पक्षी तर आधीच उडून गेलेले. पाण्याच्या टाकीच्या बाजूनं, जरा धुळकट, पण सहा वीसला. शामुवेलरावांनी घड्याळ लावून बघितलं.

लंकाबाईच्या फडक्यात नागलीच्या भाकऱ्या होत्या आणि मिरचीचा ठेचा. पुंजा आणि दोघं फाटकाबाहेरच बसायला लागले, तसे शामुवेलराव दगडावरूनच ओरडले, "आत! सगळे आत! बत्ती वगैरे काही तापलेली नाहीये इथं!" पुंजाला काही कळलं नाही. लंकाबाईला कळलं. ती हसत आत आली आणि करंजाखाली बसली. शामुवेलराव खाली बसू शकत नव्हते, खुब्यामुळे. ते एस्तेरच्या कबरीच्या कट्ट्यावर बसले आणि त्यांनी भाकरी मोडून आधी पुंजाला दिली. मीना म्हणाली, "सात वाजता माझी ड्यूटी आहे," आणि तिनं दुसरी भाकरी घेतली.

"आमचं पण सातलाच," लंकाबाई म्हणाली. "चला बाबा. फळी नेली आसंल परत."

"नेली तर दुसरी टाकू," शामुवेलराव म्हणाले. "चला, लंकाबाई. तुम्ही पुढं व्हा, मला बघायला कोणीतरी हवं."

घरी येऊन त्यांनी ग्रुप उघडला. लॉनवरच्या सूर्याचे एकशे बारा फोटो आले होते. शामुवेलरावांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'चालत गेलो. पोचलो. पुढच्या वर्षी गाडी पहाटे पाचलाच सुटेल. दिवा धरायला माणूस आहे, गाणारे हवेत. कोणासाठीही थांबणार नाही.'

लोकांनी हात जोडले. हात जोडायला लोक कधीच मागे राहत नाहीत. दोघांनी उपम्याचा फोटो पाठवला. मग बऱ्याच वेळानं मनोजचा एक मेसेज आला. फुलं नाहीत, केक नाही. तीन शब्द.

'कुठून सुटणार, काका?'